आजीच्या बोटाची साखर

४ जुलै

माझ्या बहिऱ्या मैत्रिणीला तुझ्या इस्त्रीकडून, गळ्यात पडून.

सिस्टर, हे पत्र वाचायला घेण्याआधी खुर्चीत नीट बस. लांबलचक आहे आणि सगळं आनंदाचं आहे. फोन तुझ्या कानाला चालत नाही आणि मेसेज माझ्या जाड बोटांना जमत नाही, म्हणून आपलं हे कागदाचंच बरं. तीस वर्षं मी दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी दाबल्या आणि तू चादरींच्या कोपऱ्यावरची वॉर्डांची नावं दाखवून मला अक्षर शिकवलंस. अजून बघ, 'प्रसूती' हा शब्द मी ज्या झोकात लिहिते तसा माझा स्वतःचा पत्ता लिहिता येत नाही.

ते असो. आनंद भिंगरीचा. माझी नात गं, पंधरावं सरत आलं. दहाव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला तेव्हा तूच नव्हतं का मला पत्रातून समजावलंस की हा म्हाताऱ्यांचा नव्हे, पोरांचा वेगळा असतो, याला इन्सुलिनच लागतं आणि ते जन्मभर. तेव्हा ती काडीसारखी वाळली होती. इन्सुलिन सुरू झालं तशी भरली, गाल आले, आणि मी जिन्यात उभी राहून वरच्या-खालच्या सगळ्यांना सांगितलं, बघा कशी गुबगुबीत झाली माझी पोर! आता गेल्या चार महिन्यांत ती अशी शेलाटी झालीये की विचारू नकोस. कंबर माझ्या दोन मुठींत मावेल. मी परत जिन्यात. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "आजी, तुमच्या जाहिरातीला रेडिओ लागत नाही." मी म्हटलं, माल चांगला असला की आवाज आपोआप चढतो.

तिचे सगळे कपडे मीच आत घेतलेत, दोन-दोन बोटं. परवा तिसऱ्यांदा घेतले.

आणि आता माझी खरी फुशारकी. साखरेच्या दवाखान्यात आम्ही दर तीन महिन्यांनी जातो. सून चष्म्याच्या दुकानात, मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, मग सोबत मीच. या खेपेला तिथल्या निळ्या कोटवालीने भिंगरीच्या हातात एक कागद दिला. बारा वर्षांच्या पुढच्या सगळ्या मुलींना देतात म्हणाली, खाण्यापिण्याबद्दल पाच प्रश्न आहेत, शांतपणे भर. तर भिंगरी मला म्हणते, "आजी, माझा हात दुखतोय. तूच भर. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे." सिस्टर, माझ्या आयुष्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं! मी चष्मा पुसला, एकेक प्रश्न मोठ्याने वाचला आणि ती सांगेल ते लिहिलं. जास्त खाऊन मग मुद्दाम उलटी काढतेस का? नाही. जेवताना हात आवरत नाही असं होतं का? नाही. वजन बरंच उतरलंय का? इथे मी 'हो, देवाच्या दयेने' असं लिहिणार होते, पण ती म्हणाली, "आजी, हो लिहिलं की बसवून ठेवतात, आई वाट बघेल आपली." मग नाही. पुढे स्वतःला जाड समजतेस का, आणि इन्सुलिन कमी घेतेस का. दोन्ही नाही. पाचही नाही! निळी कोटवाली म्हणाली, शून्य, छान. तिथे शून्याला छान म्हणतात. आमच्या मुलाला शाळेत मिळायचं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

आणखी एक गोड गोष्ट. ती आता रोज माझी साखर तपासते. मशीन आणते, म्हणते, "आजी, बोट." मी बोट पुढे करते. पंच्याण्णव, एकशे दोन, कधी एकशे दहा. एवढी काळजी मला माझ्या पोटच्या पोराने केली नाही.

डॉक्टर मात्र जरा गोंधळले. मशीनमधले आकडे बघून खूश झाले, मग रक्ताचा मोठा रिपोर्ट बघून म्हणाले, तीन महिन्यांची साखर फार चढलेली दिसते, हे जुळत नाही, लॅबचं काहीतरी चुकलं असणार, पुढच्या महिन्यात परत करू. लॅबवाले तुझ्या वेळेपासून तसलेच.

चहा उतू गेला. जाते.

तुझी इस्त्री

९ जुलै

इस्त्री,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुझा आनंद इथपर्यंत ऐकू आला, आणि मला तर सायरनही ऐकू येत नाही.

मी काही विचारते आहे. गप्पांत गुंडाळू नकोस, सरळ उत्तर दे.

फ्रिजमध्ये इन्सुलिन टोचायची पेनं किती शिल्लक आहेत? पूर्वी महिन्याला किती संपायची आणि आता किती संपतात? भिंगरी पाणी किती पिते? तिच्या तोंडाला कसला वास येतो का? ती तुझं बोट टोचते, मग स्वतःचं कधी टोचते? तू डोळ्यांनी पाहिलं आहेस का?

आणि तो कागद तिने एकटीने भरायचा होता. तुला हे कुणी सांगितलं नाही का?

मी काही ठरवलेलं नाही. तू लवकर लिही, एवढंच.

सिस्टर

१४ जुलै

सिस्टर,

काय गं ही परीक्षा! रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी वॉर्डातला राउंड सुटला नाही तुझा. तुझं पत्र उघडलं आणि मी आपोआप सरळ उभी राहिले, हातात चादर नसताना.

बरं, घे उत्तरं. पेनं म्हणशील तर फ्रिजच्या दारात नुसती गर्दी. दूध ठेवायला जागा नाही. आधी महिन्याला चार संपायची, आता दोनसुद्धा संपत नाहीत. मी सुनेला म्हटलं, बघ, आजार उतरणीला लागला पोरीचा, औषध कमी लागायला लागलं. सून दमून आली होती, हं म्हणाली. सध्या तिच्या दुकानात दोन माणसं कमी आहेत, ती उभ्या-उभ्याच जेवते.

पाणी खूप पिते. बाटली हातातच. हल्ली शाळेत शिकवतातच ना की पाणी प्या, त्वचा चांगली राहते. आणि प्यायलं की मोरीकडे जाणं आलंच, त्यात काय विचारायचं?

वासाचं तुला कसं कळलं? येतो. पिकून मऊ झालेल्या फळासारखा. मला वाटलं चोरून गोळ्या चघळते. मी बोलले नाही. पोरीच्या जातीला किती टोकायचं.

तिचं स्वतःचं बोट ती माझ्यासमोर टोचत नाही, लाजते. मशीन एकच आहे, तिचे-माझे आकडे त्यातच राहतात, वेगळे कसे ओळखतात ते मला काय माहीत. डॉक्टरांना कळत असेल.

कागदाचं म्हणशील तर अगं तिचा हात खरंच दुखत होता. आणि मी काही मनचं लिहिलं नाही. ती बोलली तेच लिहिलं.

हे सगळं लिहून झालं आणि मला उगाच कसंतरी झालंय. सकाळपासून तीन वेळा फ्रिज उघडून बंद केला. सून म्हणाली, आई, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही, दार घट्ट बसत नाहीये.

दार चांगलं घट्ट बसतं.

लवकर लिही.

इस्त्री

१८ जुलै

इस्त्री,

हे पत्र मी जलद टपालाने पाठवते आहे. खालच्या औषधवाल्याला म्हटलं इस्त्रीच्या घरी फोन लाव, तर तुझा जुना नंबर बंद आहे आणि सुनेचा माझ्याकडे नाही. ही माझी चूक, आधीच मागून ठेवायला हवा होता.

नीट वाच. भिंगरी इन्सुलिन पुरतं घेत नाहीये. ते न घेतलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर लघवीवाटे जाते आणि अंगातली चरबी जळते. म्हणून ती बारीक झाली. म्हणून तहान, म्हणून तो वास. ती बारीक होण्यासाठीच हे करते आहे, असं मला वाटतं. मशीनमधले आकडे तुझे आहेत. ती तुझी साखर डॉक्टरांना दाखवते. लॅब चुकलेली नाही.

तो पाच प्रश्नांचा कागद नेमका हेच पकडण्यासाठी असतो. या आजाराच्या मुलींमध्ये हे होतं, वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जणींत होतं. तोंडावर विचारलं तर सांगत नाहीत, म्हणून कागद देतात आणि एकटीला बसवतात. आजीच्या तोंडून प्रश्न ऐकल्यावर कोणती मुलगी 'हो' म्हणेल?

आज, हे पत्र हातात असतानाच, सुनेला सगळं सांग आणि दवाखान्यात फोन करायला लाव. उलटी, पोटात दुखणं किंवा जोरजोरात श्वास, यातलं काहीही दिसलं तर फोनसुद्धा करू नका, सरळ दवाखान्यात न्या. यात जीव जातो.

भिंगरीला ओरडू नका. पेनं मोजून तिच्यासमोर मांडू नका. तिला घाबरवून काही होणार नाही, ती आधीच घाबरलेली आहे.

सिस्टर

२३ जुलै

सिस्टर,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने सही घेतली, मला वाटलं कुणी गेलं.

माझी नात चोर नाही. तू तिला पाच वर्षांत पाहिलेलं नाहीस. वॉर्डात सगळेच आजारी असायचे म्हणून तुला जगात सगळे आजारी दिसतात. मी तिला अंगाखांद्यावर खेळवलीये, माझ्याशी ती खोटं बोलेल? माझ्या बोटाला भोक पाडून? एखादी पोर आजीवर माया करते, तर तुझ्या डोळ्याला त्यातही रोग दिसतो.

तुला नातवंडं नाहीत म्हणून असं होतं. हे लिहायला नको होतं. खोडलं तर कागद फाटतो, राहू दे.

सुनेला सांगितलेलं नाही. काय सांगू? तिची मुलगी सुंदर झाली हे मी घरभर सांगत फिरले, आता कोणत्या तोंडाने सांगू की ते दुखणं होतं?

आज दुपारी ती शाळेतून आली. मशीन घेऊन माझ्यापुढे बसली. "आजी, बोट." मी हात पाठीमागे घेतला. म्हटलं, आज माझं नको, आज तुझं दे. ती हसली. म्हणाली, "नाटकं नको करू, दे लवकर." मी दिलं नाही. मग ती मशीन उचलून खोलीत गेली, दार लावलं. जेवायला आली नाही.

मी स्वयंपाकघरात उभी आहे आणि हे ओट्यावर लिहितेय. बसवत नाही.

इस्त्री

२७ जुलै

इस्त्री,

माझ्यावर रागाव. महिनाभर रागाव, वर्षभर रागाव. पण आधी तिला दवाखान्यात ने.

सिस्टर

६ ऑगस्ट

सिस्टर,

हे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितेय, मांडीवर पेशंटच्या जेवणाचा ट्रे उलटा ठेवून. ती जिवंत आहे. हे आधी लिहिलं, तू खाली शोधत बसशील म्हणून.

तुझं दोन ओळींचं पत्र शनिवारी आलं. मी ते सुनेच्या हातात दिलं, आणि त्याच्या आधीचं मोठंही. तिने वाचलं. फ्रिज उघडला, पेनं मोजली, आणि तिथेच जमिनीवर बसली. मग म्हणाली, "आई, हे पत्र तुमच्याकडे किती दिवस आहे?" मी म्हटलं, दहा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला लाँड्रीत वाफेचं झाकण तोंडावर उघडलं होतं ते आठवलं. दवाखान्यात फोन केला, त्यांनी सोमवारी सकाळी या म्हणून सांगितलं. भिंगरीला आम्ही एवढंच सांगितलं की रक्त परत द्यायचंय.

रविवारी सकाळी ती उलटी करायला लागली. थांबेचना. आणि श्वास, सिस्टर! पळून आल्यासारखा, खोल खोल, आणि पोर तर गादीवर पडलेली. तू लिहिलं होतंस म्हणून मी कुणाला विचारलं नाही. शिंप्याला हाक मारली, त्याने आपली गाडी काढली. सगळ्या जिन्याने माझ्या हाकेवर दारं उघडली, त्यांना वाटलं मी आणखी काही कौतुक सांगतेय.

साखरेच्या मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' दाखवत होतं, म्हणजे मोजता येत नाही इतकी वर. तिला आत नेलं, दोन्ही हातांना नळ्या. डॉक्टर मशीन हातात घेऊन बाहेर आले, म्हणाले, दहा-बारा दिवसांपूर्वीपर्यंतचे आकडे एकदम नॉर्मल आहेत, हे कसं शक्य आहे, मशीन बिघडलंय का? सून माझ्याकडे बघायला लागली. तोपर्यंत मुलगाही गाडी अर्ध्या वाटेत दुसऱ्याकडे सोपवून आला होता. मी म्हटलं, मशीन चांगलं आहे. ते माझं रक्त आहे. आणि मग बोट वर केलं, कशाला कुणास ठाऊक, वर्गात उत्तर देणारी पोरं करतात तसं.

डॉक्टर म्हणाले, तो कागद? त्यात तर सगळ्याला 'नाही' लिहिलंय. मी म्हटलं, तेही माझंच अक्षर.

भिंगरीने ते ऐकलं. पडदाच तर होता मधे. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नीट आली, मी डोक्यावरून हात फिरवायला गेले तर म्हणाली, "तू मला पकडून दिलंस." भिंतीकडे तोंड केलं. आज चौथा दिवस, आईशी बोलते, बापाशी बोलते, झाडूवालीशीसुद्धा बोलते. माझ्याशी नाही.

तुला नातवंडांवरून जे लिहिलं ते तू वाचलं असशीलच. मी काय बोलू त्यावर.

मी आता काय करू सांग. मला कुठेही बसवत नाही. सकाळी वॉर्डातल्या रिकाम्या पलंगाच्या चादरीचे कोपरे मोडून नीट केले, तर नर्स ओरडली.

इस्त्री

११ ऑगस्ट

इस्त्री,

ती वाचली. बाकीचं सगळं वेळेवर होईल. मी तुझं पत्र वाचून घरात तीन खोल्या फिरले, आणि माझ्या घरात दोनच आहेत.

नातवंडांचं मनावर घेतलं नाही. थोडं घेतलं. संपलं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला चादरी मोजतानाही कधी सांगितली नाही. आपल्या सात नंबर वॉर्डात एक मुलगी यायची, सोळा वर्षांची, निळ्या रिबिनीवाली. दर दोन महिन्यांनी हेच, साखर चढलेली, उलट्या, श्वास. आम्ही म्हणायचो चोरून गोड खाते. मी तिच्या उशीखाली, पिशवीत हात घालून शोधायची. एकदा सगळ्या वॉर्डासमोर तिला म्हटलं, "तुझ्या जिभेपायी तुझी आई झिजते." तिने चादर तोंडावर ओढून घेतली. ती बारीक होती, हडकुळी, आणि आरशासमोर उभी राहायची, आणि मला एकदाही सुचलं नाही की हिला विचारावं, बाळ, तू इन्सुलिन घेतेस का. तेव्हा असा कागद नव्हता, हे खरं. पण तोंड होतं ना मला. सातव्या खेपेला ती गेली. तिची चादर तूच धुतलीस, तुला माहीत नाही.

म्हणून मी तुझ्या पहिल्या पत्रावर असे प्रश्न विचारले. आणि म्हणूनच सरळ सांगायला भ्यायले, आधी नुसती उत्तरं मागितली. नऊ तारखेला मला जवळजवळ खात्री होती. तू दहा दिवस ठेवलंस, मीही नऊ ठेवले. आपण दोघी सारख्याच.

काय करू म्हणतेस तर: तिच्या ताटाकडे बघू नकोस. घास मोजू नकोस. बारीक, जाड, गुबगुबीत, शेलाटी, यातला कुठलाच शब्द तिच्याबद्दल तोंडातून काढू नकोस, कौतुकाचासुद्धा. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे, तू चादरीचंही कौतुक करणारी बाई. दवाखान्यात सांगा की कागद परत हवा आहे, आणि तू बाहेर बस. इन्सुलिनची जबाबदारी काही दिवस आईबापांनी घ्यायची, ते डॉक्टर ठरवतील. तुझं काम वेगळं आहे. तू तिच्या आसपास रहा आणि ती बोलेल त्याची वाट बघ.

ती रागावली आहे याचा अर्थ ती इथे आहे.

सिस्टर

३० ऑगस्ट

सिस्टर,

निळ्या रिबिनीवाली मला आठवते. तिची आई लाँड्रीच्या दाराशी येऊन मुलीचा झगा परत मागत होती. मी दिला होता, इस्त्री करून. एवढंच, पुढे काही लिहीत नाही.

आम्ही घरी आलोय. कागद भरला. निघायच्या दिवशी निळी कोटवाली आली, मला म्हणाली, "आजी, या वेळी तुम्ही बाहेर." मी म्हटलं, मी आधीच बाहेर आहे, दार तुम्हीच लावा. तिने लावलं. सिस्टर, त्या दाराला मधे काच होती, आणि मी काचेकडे पाठ करून बसले, तुला शपथेवर सांगते. पाच प्रश्नांना किती वेळ लागतो? मी पाच मिनिटांत भरले होते. तिला चाळीस मिनिटं लागली. मी बाकड्यावरून उठले, बसले, पाण्याच्या मशीनपाशी गेले, परत आले, समोरच्या म्हाताऱ्याची चौकशी केली, तो वैतागला. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली, नाक लाल, डोळे सुजलेले. पाचांतले किती 'हो' आले मला माहीत नाही. सुनेला माहीत असेल. मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. आता आठवड्यातून एकदा ती एका बाईंकडे नुसती बोलायला जाते. तिथून येते तेव्हा कधी दार आपटते, कधी दोन पोळ्या जास्त मागते. मी दोन्ही वेळेला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.

सकाळ-संध्याकाळचं इन्सुलिन सून देते, ती नसेल तर मुलगा, त्याने महिनाभर लांबची गाडी सोडलीये. भिंगरीला ते आवडत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा पेन भिंतीवर फेकलं. मुलगा खाली वाकून उचलतो, नवी सुई लावतो, परत धरतो. माझा मुलगा, ज्याला बटण तुटलं तरी राग यायचा!

माझ्याशी ती घरी आल्यावर बाराव्या दिवशी बोलली. मी कपाट आवरत होते, ती दारात उभी. म्हणाली, "मी जाड होते तेव्हा तू जिन्यात ओरडायचीस. बारीक झाले तेव्हाही ओरडलीस. तुझं खरं कुठलं?"

मी म्हटलं, "दोन्ही खरं होतं."

"असं कसं असेल? शाळेत मला पिंप म्हणायचे. तू गुबगुबीत म्हणायचीस. शब्द वेगळा, बाकी तेच. मग मी बारीक झाले आणि तुझा आवाज आणखी मोठा झाला. तेव्हा मला कळलं, आधीचा खोटा होता."

माझ्या हातात तिच्या बापाचा शर्ट होता, मी त्याच्या घड्या घालत होते, मोडत होते, घालत होते. तुझी शिकवण आठवली, वाट बघ म्हणालीस, पण मला तर तोंड उघडल्याशिवाय राहता येत नाही. मी म्हटलं, "मी ओरडले कारण तू माझी आहेस. कंबर दिसली म्हणून कंबरेवर बोलले. डोळ्यासमोर जे येईल त्यावर बोलते मी, अक्कल कमी आहे." ती म्हणाली, "मग मी आजारी पडले तेव्हा का नाही ओरडलीस?" मी म्हटलं, "ओरडले होते. तेव्हा तुला ऐकू येत नव्हतं. शिंप्याला विचार." ती हसली नाही, पण गेलीही नाही. तिथेच पलंगाच्या कडेवर बसली आणि शर्टाची दुसरी बाही धरली.

त्यावर दोन दिवस गेले. मधे एकदा सुनेशी भांडली, एकदा आरसा काढून टाका म्हणाली, मग परत लावा म्हणाली. वजन थोडं वाढलं की रडते. डॉक्टर म्हणतात हे लांबचं काम आहे, मधे परत घसरेलही. मला रोज सकाळी जाग आली की आधी तिच्या श्वासाचा आवाज ऐकायला कान लागतात, मग बाकी घर ऐकू येतं.

आता आजचं सांगते. आज सुनेला दुकानात लवकर जावं लागलं, मुलगा अंघोळीला गेला होता. मी भाजी चिरत होते. आतून हाक आली, "आजी, ये."

गेले. पलंगावर बसलेली. पेन तयार, सुई पोटाला टेकवलेली. बाबांना बोलव म्हणेल असं वाटलं मला. ती म्हणाली, "बाबांना नको. मीच करणार. टोचल्यावर दहा मोजेपर्यंत सुई आत ठेवायची असते. मी मधेच काढते. नेहमी काढायचे. तू मोज. मोठ्याने. माझ्याकडे बघू नको."

मी खिडकीकडे तोंड केलं. समोर वाळत घातलेले कपडे. बटण दाबल्याचा टिक आवाज आला. मी म्हटलं, एक. दोन. सिस्टर, चारला मला वाटलं ती काढेल. सहाला तिने नाक ओढलं. मी आवाज चढवला, जिन्यात चढवते तसा, सात! आठ! नऊ! दहा! आणि थांबावं की नाही कळेना, म्हणून अकरा म्हटलं, बारा म्हटलं. पंधरावर ती म्हणाली, "अगं बस, दहाच असतात." आणि हसली. खरं हसली, दात दिसेपर्यंत. मी वळले नाही, तिने सांगितलं नव्हतं.

मुलगा अंघोळीवरून धावत आला, अंगावर पाणी तसंच, म्हणे काय झालं, कोण ओरडलं? भिंगरी म्हणाली, "आजीला आकडे येतात ते दाखवत होती."

ते सकाळी झालं. आता संध्याकाळचे सहा वाजत आलेत, दुसरं इन्सुलिन जेवणाआधी असतं. सून घरी आहे, ती देऊ शकते, आणि भिंगरीने तिला हाक मारली तरी बरंच आहे, मी काही मनाला लावून घेणार नाही. सकाळी एकदा बोलावलं म्हणजे रोज बोलावेल असं काही नाही. मी नुसती स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन बसलेय. कागद गुडघ्यावर आहे. तिच्या खोलीत खणाचा आवाज आला, पेन तिथेच असतं. आता पाणी प्यायल्याचा आवाज. आता काहीच नाही. सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघी हललो नाही.

हाक आली. माझ्याच नावाने. जाते.

इस्त्री